दोघांना ठाऊक असलेली वस्तू

१४ ऑक्टोबर, सोमवार

डायरी लिहिणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. दिवस सरला की सरला, त्याला पुन्हा पानावर कशाला ओढून आणायचं? पण भंडाऱ्याच्या शुभांगी मॅडमपुढे माझं काही चालत नाही. तारा आजारी पडल्यापासून त्या तिला पुन्हा बोलायला शिकवतात. आज म्हणाल्या, "सर, आई रोज कोणते शब्द बोलतात ते लिहून ठेवा. आणि दिवसात चांगलं काय झालं तेही लिहा." मी विचारलं, "चांगलं कोणासाठी?" तर नुसत्या हसल्या.

तेव्हा हा प्रपंच. मी कृष्णराव सेलोकर, मुक्काम करडी, तालुका मोहाडी. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवत निवृत्त झालो. यंदा धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपली त्याच आठवड्यात ताराला, म्हणजे माझ्या बायकोला, लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिघांनी एकदम रजा टाकली. हातपाय आता थोडे थोडे कामावर येऊ लागले आहेत. जीभ नाही. तिला सगळं समजतं, डोळ्यांत दिसतं, पण ओठांशी येऊन अडतं.

शब्द : "नाही". मी चहा पुढे केला तेव्हा.
चांगलं : नाही म्हणाली ते मलाच म्हणाली. म्हणजे स्वभाव शाबूत आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सूनबाईला मोहाडीच्या एका शाळेतून बोलावणं आलं. दिवाळीच्या सुट्टीत, सहा नोव्हेंबरला मुलाखत आणि एक नमुना पाठ. विषय त्यांनीच दिला आहे : इंग्रजीतला 'द', त्याचा अर्थ आणि वापर.

रीता बी.एड. आहे. मनिष, आमचा मुलगा, पुण्याला कंपनीत असतो. तिथे धड खोली मिळेपर्यंत रीतानं इथे राहायचं असं लग्नात ठरलं होतं. ती खोली अजून मिळतेच आहे. पण खरं लिहायचं तर ती इथे होती म्हणून हे घर उभं आहे. ताराची आंघोळ, औषध, व्यायाम, मॅडमनी दिलेली चित्रं दाखवणं, सगळं तीच करते, आणि वर माझ्या भाजीत मीठ कमी घालायची आठवणही ठेवते.

संध्याकाळी शिकवायला बसलो. मी माझा जुना नियम म्हणून दाखवला. सूर्य, चंद्र, नद्या, पर्वतरांगा, सगळ्यात मोठा, सगळ्यात लहान, यांच्याआधी 'द'. पोरांच्या पिढ्या हे पाठ करून पास झाल्या. रीता ऐकून घेते आणि मग विचारते.

"मामाजी, सूर्य एकच आहे म्हणून 'द', हे समजलं. पण 'शट द डोअर' मधी काहून येते? दरवाजे तं गावभर आहेत."

"येते म्हणजे येते. पाठ कर."

"पोरानं विचारलं तं का सांगू?"

मी चिडलो. चिडून अंगणात गेलो आणि तिथे उत्तर सापडलं. परत येऊन सांगितलं, "दरवाजे गावभर असतील. पण मी तुला दार लाव म्हणतो तेव्हा कोणतं दार ते मला ठाऊक असतं आणि तुलाही. जी वस्तू बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक, तिच्याआधी 'द'. सूर्याचंही तेच. कोणता सूर्य, असं कोणी विचारत नाही."

"हे मस्त सांगतलं तुमी," रीता म्हणाली. इतकी वर्षं शिकवून जे मला सुचलं नाही ते सुनेच्या एका प्रश्नानं सुचलं. तिचे आभार मानायला हवे होते, पण मी "हं" म्हणालो.

शब्द : "नाही", "पाणी".
चांगलं : वर लिहिलं तेच.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नवा शब्द! सकाळी खाटेवर बसून तारा स्पष्ट म्हणाली, "ते." डावा हात उचलून आतल्या खोलीकडे दाखवलं, जिथे धानाची कोठी आहे. मी उड्या मारायच्या बेताला आलो. "काय आणू? चष्मा? फणी? मोबाइल?" एकेक वस्तू आणून तिच्यापुढे धरली. देवघरातला गणपती आणला, तिची छत्री आणली. ती मान हलवत राहिली. शेवटी मी शाळेची जुनी घंटा आणली, तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

आमच्या बोलीत 'ते' सगळ्यालाच चालतं, बाई असो की भांडं. त्यावरून काही पत्ता लागत नाही.

रीताला हाक मारली. "तुला समजते का बघ." ती पोळी लाटत होती. तिनं एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा ताराकडे. "मले नाही समजून राहिलं, मामाजी," म्हणाली आणि परत चुलीकडे वळली. पोळी करपली. बिचारी दमते फार.

शब्द : "ते".
चांगलं : शेजारचा देवाजी तलावातल्या झिंग्या देऊन गेला. आमची शेती तोच करतो. पैसे घेतो का विचारलं तर म्हणाला, "वैनीच्या हातची भाजी बहुत खाल्ली, गुर्जी. आता राहू द्या."

२३ ऑक्टोबर, बुधवार

रोज तेच. तेच म्हणजे 'ते'. आतल्या खोलीकडे बोट, मग रीताकडे नजर. माझ्याकडे बघतही नाही. मला वाटतं, सुनेनं औषध वेळेवर दिलं की नाही याची तिला काळजी असावी.

शुभांगी मॅडमना फोन केला. त्यांचा आवाज गंभीर झाला. "सर, हे फार महत्त्वाचं आहे. माणूस सांगत राहतो आणि समोरच्याला कळतच नाही, असं फार दिवस चाललं की तो सांगणं सोडून देतो. मग जीभ सुधारली तरी बोलत नाही. असे पेशंट मी पाहिलेत. त्यांना काय हवंय ते शोधाच."

फोन ठेवला. चुलीपाशी जाऊन रीताला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "असं म्हनल्या का मॅडम?" आणि चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करत राहिली.

तारा गप्प झाली तर या घरात मी कोणाशी भांडायचं?

२७ ऑक्टोबर, रविवार

देवाजीनं हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापून, मळून आणला. नवा तांदूळ घरात आला. पोहेही कुटून आणले. नव्या तांदळाचा भात म्हणजे ताराचा जीव की प्राण. रीतानं तिच्यापुढे ताट ठेवलं. तारानं वास घेतला, डोळे मिटले, आणि मग ताट डाव्या हातानं सरकवून दिलं. "ते!" आज आवाज मोठा होता. आतली खोली दाखवली, मग रीता दाखवली, मग बाहेरचं दार.

खोली, सून, दार. मी तिन्ही जोडून पाहिली आणि निष्कर्ष काढला की कोठीत उंदीर शिरला आहे आणि सुनेनं दार लावून घ्यावं. देवाजीला बोलावून कोठीची खोली उपसली. उंदीर नव्हता. एक मुंगूस मात्र देवाजीनं पाहिलं असं तो म्हणतो.

"वैनीले काही दुसरंच पाहिजे, गुर्जी," देवाजी म्हणाला.

"ते मलाही समजते."

दुपारी रीता अंगणात फोनवर बोलत होती. तिची आई, कौशल्याबाई, आसगावला एकटी असते, तिकडे पवनी तालुक्यात. रीता म्हणत होती, "यंदा नाही जमत वं माय. मुलाखत आहे ना, अभ्यास आहे. पुढच्या मंडईले येईन."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाची आपापल्या दिवशी. नाटक, दंडारीचे नाच, पाळणे, आणि घरोघरी पाहुणे. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, अगदी लांबून येतात. आसगावची मंडई आठ तारखेला आहे. अभ्यासासाठी रीतानं ती सोडली, याचं मला कौतुक वाटलं. आजकाल अशी जिद्द कुठे दिसते? ताराचंही असंच होतं. माझी आई होती तोवर ही एकदाही माहेरच्या मंडईला गेली नाही. ऐन धानाचे दिवस, आई म्हणायची घरात हात कमी पडतात. हिनं कधी तक्रार केली नाही. हिला मंडईची हौसच नव्हती.

शब्द : "ते", फार वेळा.
चांगलं : शेवटी रीतानं समजूत घातली तेव्हा चार घास खाल्ले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. मनिष आला. दारात त्याला बघून तारा म्हणाली, "आला!" सगळ्यांनी ऐकलं. मनिष तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला, इतका मोठा घोडा. मी पणत्या लावायला बाहेर गेलो आणि जरा वेळानं आत आलो.

आज काही लिहायचं नाही. चांगलंच चांगलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

मनिष काल भाऊबीज आटोपून परत गेला. आज ताराचं तोंड भिंतीकडे. "ते" म्हणाली नाही. हातही उचलला नाही. मी स्वतः होऊन विचारलं, "काही पाहिजे का?" तर डोळे मिटले. मॅडमची चित्रं दाखवली, गाय, घर, विहीर. बघितलीसुद्धा नाहीत.

शब्द : नाही. म्हणजे "नाही" हा शब्द नाही. काहीच नाही.
चांगलं : सुचत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून शब्द नाही. मला भीती वाटते आहे, ती इथे लिहितो, कारण सांगायची तर कोणाला. मॅडम म्हणाल्या होत्या तेच सुरू झालं असावं.

पण उद्या रीताचा पाठ. दुपारी शेवटची तालीम करायची होती. मी ताराच्या खाटेशेजारीच खुर्ची टाकली, म्हटलं हिच्या कानावर चार माणसांचं बोलणं पडू दे. रीता समोर उभी राहून शिकवू लागली. छान शिकवते. मी अडाणी पोरगा झालो आणि आडवे प्रश्न विचारले, तिनं सगळ्यांची उत्तरं दिली.

मग मी म्हणालो, "पुस्तकातली उदाहरणं ते लोक ऐकून कंटाळलेले असतात. आपल्या घरातलं एक वाक्य दे. ताजं."

ती थांबली. ताराच्या पाठीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मदर इज आस्किंग फॉर द बॅग."

मी मास्तर तो मास्तर. लगेच अडवलं. "चूक. कोणती बॅग? ऐकणाऱ्याला ठाऊक नाही तर इथे 'द' कसा?"

"ठाऊक आहे, मामाजी."

"कोणाला?"

"आईले ठाऊक आहे. मलेही ठाऊक आहे, पहिल्या दिवसापासून." ती आता माझ्याकडे वळली. "तुमालेच नाही."

खाट करकरली. तारा इकडे वळत होती, एकटी, कोणाचा हात न धरता.

"आसगावची थैली," रीता म्हणाली. "दर मंडईले आई मले भरून देतात ते. कोठीमागच्या खुंटीले टांगली आहे. आई म्हनून राहिल्या का थैली काढ, भर, अन् माहेरी जा. मले समजत होतं. मी नाटक केलं."

"पण कायले? सांगायचं ना!"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी मले त्याच दिवशी बसचं टाइम सांगतलं असतं. आई अशा खाटेवर, अन् मी मंडईत पाळण्यावर बसू? मॅडम तसं बोलल्या तेव्हा मी भेली. तरी वाटलं, आठ तारीख निघून गेली का आईच विसरतील." 

तारानं डाव्या हातानं खाटेवर एक थाप मारली. दोन दिवसांनी आवाज फुटला. "ते!"

"हो आई. तेच. थैली," रीता म्हणाली आणि खाली बसून तिच्या पायांवर डोकं टेकवलं. तारा अर्ध्या ओठानं हसत होती आणि डोळे पुरते भरले होते.

मला राग यायला पाहिजे होता. घंटा आणली, गणपती आणला, मुंगसापर्यंत गेलो, आणि ही पोरगी पोळ्या लाटत बघत होती! पण राग कुठे शोधूनही सापडला नाही. एक सासू लकव्यातून उठून सगळ्यात आधी काय मागते, तर सुनेनं माहेरी जावं. आणि सून ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करते, कशासाठी, तर सासूजवळ राहता यावं म्हणून. या दोघींच्या मध्ये मी राहतो. देवानं मला फार दिलं आहे.

शब्द : "ते".

६ नोव्हेंबर, बुधवार

रीताचा पाठ झाला. सुट्टी असल्यामुळे पोरांच्या जागी संस्थेचे अध्यक्ष आणि दोन शिक्षिका बाकांवर बसल्या होत्या. अध्यक्षांनी पोरासारखा हात वर करून विचारलं, "कोणती बॅग, मॅडम?" रीतानं त्यांना थैलीची अख्खी गोष्ट सांगितली. एका शिक्षिकेनं डोळ्यांना पदर लावला, दुसरीनं माहेरी फोन केला. सुट्टी संपली की रुजू व्हायचं आहे.

ताराला सांगितलं तेव्हा तिनं आधी रीताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कोठीच्या खोलीकडे. नोकरी ठीक आहे, आधी ते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

थैली भरण्याचा कार्यक्रम. मी प्रथमच पाहिला. इतकी वर्षं हा दोन बायकांचा मामला असायचा आणि मी ओसरीवर पेपर वाचत असायचो.

थैली तारानंच शिवलेली, तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची, काठ तोंडाशी आणलेले. रीताकडून कळलं की ही थैली रिकामी जात नाही आणि रिकामी येत नाही. इकडून नव्या धानाचे पोहे, मुरमुरे आणि अनरसे जातात. तिकडून कौशल्याबाई पवनीकडची लाल मिरची, वाळवलेल्या भाज्या आणि आणखी काहीबाही भरून पाठवतात. दोघी विहिणी एकमेकींशी फोनवर फारशा बोलत नाहीत. थैलीच जाते-येते.

तारा खाटेवर बसली, थैली मांडीवर. डाव्या हातानं मुठीमुठीनं पोहे भरू लागली. अर्धे आत, अर्धे सतरंजीवर. मी पुढे झालो तर रीतानं माझी बाही ओढली. "राहू द्या, मामाजी. त्याईलेच भरू द्या." मग आम्ही दोघं बसून बघत राहिलो. सांडलेले पोहे गोळा करायचं तेवढं काम मला मिळालं.

शेवटी तिनं कमरेची चंची सोडली, त्यातली एक सुपारी काढली आणि पोह्यांच्या वर ठेवली. का, ते मला ठाऊक नाही. रीताला असावं. कौशल्याबाईंना नक्की असेल.

शब्द : "घे". थैली रीताच्या हातात देताना. नवा आहे.
चांगलं : तो शब्द.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

देवाजीनं सकाळी रीताला मोटारसायकलवरून भंडाऱ्यापर्यंत सोडलं, तिथून पवनीची बस. जाताना तिनं मला इतक्या सूचना दिल्या की मी कागद मागितला. देवाजीची बायको शालू येऊन ताराची आंघोळ करून गेली. तीही वर म्हणते, "एक दिसाचं काय एवढं, गुर्जी? पोरीले दोन दिस राहू द्या."

दुपारचं जेवण माझ्याकडे होतं. एरवी रीता मला आधी वाढते आणि मग ताराला भरवायला बसते. आज म्हटलं, आधी हिचं होऊ दे, माझं मी नंतर उभ्याउभ्या खाईन. भात टाकला. नवा तांदूळ, पाण्याचा अंदाज चुकला. झिंग्यांची भाजी शालूनं दिली होती. ताट वाढून ताराच्या पुढ्यात ठेवलं, घास उचलला.

तिनं तोंड फिरवलं. "ते."

 रीता नाही, आता विचारायचं कोणाला? मीठ आणलं. नाही. लोणचं आणलं. नाही. पाण्याचा तांब्या तर तिच्याजवळच होता. मी घंटेच्या दिशेनं जायला निघालोच होतो. मग थांबलो. धावाधाव सोडली आणि खाली तिच्यासमोर बसलो. ती बघत होती तिकडे बघितलं.

ती माझ्यासमोरच्या जमिनीकडे बघत होती. तिथे काही नव्हतं.

लग्न होऊन आली तेव्हापासून तारानं मला कधी उपाशी ठेवून घास घेतलेला नाही. आधी मला वाढायची, मग आई गेल्यावर सोबत बसायला लागली. आजारपणात रीतानं तेच सांभाळलं, मला आधी वाढून. मी आजवर कधी याचा विचार केला नव्हता. पण ही गोष्ट मला ठाऊक होती. तिलाही ठाऊक होती.

मी काही विचारलं नाही. उठलो, माझं ताट घेतलं, वाढलं, आणि त्या रिकाम्या जागी ठेवलं. तारानं एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग डाव्या हातानं स्वतःच पहिला घास उचलला.

शब्द : "ते".
चांगलं : भात करपला होता. दोघांनीही पोटभर खाल्ला.